मधली खुर्ची

फोन दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा सुकुमार चौगुले मला सांगत होते की त्यांच्या बायकोला त्यांच्याशी बोलायचंच नसतं. बायको शेजारच्याच खुर्चीत होती.

"मी कधी बोलायचं ते यांनाच विचारा मॅडम," पद्मजाताई मला म्हणाल्या. "रात्रभर भट्टीवर. सकाळी टोस्ट-खारीचा टेम्पो घेऊन गावोगाव. घरी आले की झोप. भिंतीशी बोलू?"

"पद्मजाताईंना असं वाटतं," मी सुकुमाररावांकडे वळून म्हटलं, "की तुमच्या कामाच्या वेळांमुळे दोघांच्या संवादाला जागाच उरत नाही."

"हां. मग यांना सांगा, धंदा आहे. बेकरी बंद ठेवून गप्पा मारत बसू का?"

"पद्मजाताई, ते म्हणताहेत की जबाबदाऱ्यांचा ताण..."

फोन वाजतच होता. मी उचलला.

"मघाशी खुर्ची मागे घे म्हटलं होतं," मुजावर मॅडमचा आवाज आला.

"घेतली मॅडम."

"तू घेतलीस. ते दोघं आपापल्या खुर्च्या ओढत तुझ्या मागोमाग आले. आता उठ आणि बाहेर ये."

"आत्ता?"

"नाही, दिवाळीत ये."

आमच्या अभ्यासक्रमातली ही शेवटची पायरी होती. दोन वर्षं विवाह आणि कुटुंब समुपदेशनाची पुस्तकं वाचून झाली, वर्गात एकमेकांचे नवरा-बायको होऊन खोटी भांडणं भांडून झाली, की शेवटी खरं जोडपं घेऊन बसायचं. खोलीत तीन खुर्च्या, एक तिपाई, तिच्यावर कागदी रुमालांचा डबा आणि फोन. एका भिंतीत मोठा आरसा. खोलीतून तो आरसा दिसायचा. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र ती नुसती काच असायची. तिथं बसून मॅडम आणि आमच्या वर्गातले बाकीचे सगळं बघायचे, ऐकायचे. जोडप्याला हे आधीच सांगितलेलं असायचं, त्यांनी होकार दिला तरच हे व्हायचं. मॅडमना काही सुचवायचं असलं की फोन वाजायचा, आणि तो उचलायचाच, असा नियम. (माझी लेक जुई झोपलीय, ती उठायच्या आत लिहायचंय, म्हणून हे एका दमात सांगून टाकते.)

ज्याचं काम मॅडमच्या पसंतीला उतरेल त्याला बाहेरगावच्या एखाद्या केंद्रात सहा महिने पाठवायचे, जोडप्यांबरोबर काम करायला. माझ्यासाठी मॅडमनी अकोला ठरवलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं. सांगलीतच राहायचं तर एका शाळेत मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर बोलायचं काम होतं. वाईट नव्हतं, पण ते धरलं की जोडप्यांचं काम सुटलं. आणि त्याच कामासाठी तर मी या वाटेला आले होते. मला जायचं होतं. मोबाइलवर अकोल्याचा नकाशा मोठा करून मी तिथले रस्ते बोटानं फिरून आले होते. पण मला जाता येणार नव्हतं, कारण मी गेले तर आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलणार कसे?

ते बोलत नसत. मला कळायला लागल्यापासून नाही. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

"मी जरा बाहेर जाऊन येते," मी चौगुल्यांना म्हणाले.

"किती वेळ?" सुकुमाररावांनी विचारलं. शाळेच्या फाटकात सोडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

"मग आम्ही काय करायचं?" पद्मजाताई.

मी सांगणार होते काहीतरी. पण आरशात मला माझंच उघडं तोंड दिसलं, ते मिटलं आणि बाहेर पडले.

पलीकडच्या खोलीत मॅडम नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर बडीशेपेची डबी. शेजारी विदू लोंढे, माझी मैत्रीण. तिचं जोडपं आदल्या आठवड्यात झालं होतं आणि तिला कोल्हापूर मिळालं होतं, त्यामुळे ती आता सगळ्यांकडे मायेनं बघायची.

काचेपलीकडे चौगुले नवरा-बायको बसले होते. तो पंख्याकडे बघतोय, ती पर्सची चेन उघडतेय, लावतेय, उघडतेय. स्पीकरमधून त्या चेनचा आवाज येत होता.

"मॅडम, त्यांना काहीतरी विषय तरी देऊन यायला हवं होतं."

"बस."

"बसलेय."

"खुर्चीच्या कडेवर टेकलीयस, शर्वाणी. त्याला बसणं म्हणत नाहीत."

मी मागे सरकून बसले. गुडघा हलायला लागला. तो हातानं दाबून धरला तर दुसरा हलायला लागला. पलीकडे सुकुमारराव घसा खाकरले. मी उठले.

"काय झालं?"

"ते बोलणार होते."

"मग बोलू दे की. तुला कुठं बोलावलंय?"

"पण एकमेकांना टोचून काही बोलले तर? मागच्या वेळी त्या टेम्पोच्या विषयावर..."

"तू दार उघडलंस ना, तर ते पुढची वीस वर्षं तुझ्याकडेच येतील," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझं पुढचं वर्ष इथंच जाईल. माझ्यासमोर."

माझ्या मनात आलं, गेलं तर बरंच. नापास झाले तर अकोल्याचा प्रश्नच मिटला. दाराच्या कडीवर माझा हात होता. विदूनं तो हळूच धरून खाली घेतला आणि सोडलाच नाही.

टेम्पोचा विषय असा होता. पद्मजाताईंचे वडील वारले, तेव्हा सुकुमारराव बेकरीचा टेम्पो घेऊनच पोहोचले. वडिलांना आत हॉलमध्ये ठेवलेलं, आणि दाराबाहेर टेम्पोचं इंजिन घरघरत होतं. ते सगळा वेळ टेम्पोपाशीच उभे. तिरडी उचलली, खांदा दिला, तरी इंजिन चालू. मग स्मशानातून परतल्यावर घरात न शिरता टेम्पो घेऊन परस्पर निघून गेले. त्यानंतर पद्मजाताई माहेरीच राहिल्या. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या बापाला नेताना यांच्या टेम्पोचं इंजिन चालू होतं मॅडम." आणि मी सुकुमाररावांना सांगितलं होतं, "त्या दुःखाच्या वेळी त्यांना तुमच्या आधाराची गरज होती." ते म्हणाले होते, "कामाचं टेन्शन होतं." मी पद्मजाताईंना तेही व्यवस्थित पोहोचवलं होतं.

"पंखा कमी करा," पलीकडून पद्मजाताईंचा आवाज आला. खोलीत कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. पण खोलीत दुसरा एकच माणूस होता. तो उठला आणि पंखा कमी करून आला.

परत चेन. मग, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं, "इंजिन बंद करायला काय झालं होतं?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणे!"

सुकुमारराव खाली बघत म्हणाले, "बंद केलं असतं तर परत चालू झालं नसतं."

"म्हणजे?"

"बॅटरी गेली होती. सकाळी पोरांनी धक्का मारून चालू करून दिलेला. तासगावात फोन आला, तसाच आलो. तिथं बंद पडला असता तर धक्का मारावा लागला असता. मयताला आलेल्या माणसांना काय सांगू, जरा माझ्या टेम्पोला हात लावा?"

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"कधी सांगू? तू तिथंच राहिलीस. फोन केला तर तुझा भाऊ घ्यायचा. मग तुझा मामा आला बोलायला. मग वकील. मग या मॅडम."

विदूनं माझा हात दाबला. मी तो काढून घेतला.

"मग पडू द्यायचा होता बंद," पद्मजाताई म्हणाल्या. आता त्या नवऱ्याकडे बघत होत्या, तोंडावर बघत होत्या. "बंद पडला असता तर राहिला असतात की रात्रभर. त्या निमित्तानं तरी."

सुकुमाररावांनी रुमालांचा डबा बायकोपुढे सरकवला, मग त्यातला एक स्वतःच घेतला.

"शर्वाणी, आता जा आत," मॅडम म्हणाल्या. "आणि तोंड उघडायचं नाही."

मी आत गेले. माझ्या खुर्चीवर पद्मजाताईंनी पर्स ठेवलेली होती. मला बघून दोघांपैकी कुणीही ती उचलली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

ते गेल्यावर मॅडमनी डबी माझ्यापुढे केली. "घे. कळलं का काय झालं?"

"मी त्यांचं म्हणणं बदलत होते."

"बदलत नव्हतीस. इस्त्री करत होतीस. त्याचं वाक्य घ्यायचं, चुण्या मोडायच्या, घडी घालून तिच्या हातात द्यायचं. तिला घडी मिळते, वाक्य मिळत नाही. ती बिचारी 'इंजिन' म्हणायची आणि तू त्याला 'आधार' नेऊन द्यायचीस." त्यांनी बडीशेप चावली. "हे तुला आम्ही शिकवलेलं नाही. हे तू घरून घेऊन आलीस."

दुसऱ्या सत्रात आम्हाला प्रत्येकाला आपापल्या कुटुंबाचा नकाशा काढायला लावला होता. पुरुष चौकोन, बायका गोल, गोडीच्या रेघा सरळ, भांडणाच्या वाकड्यातिकड्या. माझ्या नकाशात आईचा गोल आणि बाबांचा चौकोन यांच्यामध्ये रेघच नव्हती. दोन जाड रेघा होत्या, आणि त्या दोन्ही माझ्यापाशी येत होत्या. तो समजावताना मी बरंच काही बोलले होते. आईचं फॉल-पिकोचं दुकान, बाबांची एसटी स्टँडवरची नोकरी, मी खूप उशिरा बोलायला लागले म्हणे, असलंही. मॅडमनी तेव्हा फक्त एवढंच विचारलं होतं, "आणि तू घरी नसतेस तेव्हा?" मी म्हटलं होतं, "तेव्हा घरात पंखा फिरत असणार नुसता."

"अकोल्याला कळवायचंय मला," मॅडम म्हणाल्या. "या आठवड्यात. तुझं काम मला पसंत आहे. शेवटचं, भिंतीला टेकून केलेलं."

"घरची अडचण आहे मॅडम."

"माहितीय मला तुझी अडचण. चौकोन आणि गोल." त्या उठल्या. "मी सांगणार नाही जा म्हणून. पण आज घरी गेल्यावर एकदा खोलीबाहेर जाऊन बघ."

आमचं घर वरच्या मजल्यावर. बाहेरून लोखंडी जिना. एकेक पायरी अशी वाजायची की गल्लीच्या टोकाला कळावं, कोण येतंय. खाली मगदूमकाकू राहायच्या. मी जिना चढायला लागले की त्या खिडकीतून माझ्याकडे बघून हसायच्या. मला ती माया वाटायची.

आई मशीनवर होती. गुडघ्यावर मोरपंखी साडी, तोंडात टाचणी. बाबा ड्यूटीवरून आलेले, खुर्चीत, पेपर. बाबा वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर माइकवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते पुकारायचे, आणि घरीही त्यांचा आवाज तसाच लागायचा, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. आईचं दुकान म्हणजे पुढची खोलीच. गिऱ्हाइकांशी तिचं तोंड दिवसभर थांबायचं नाही. अशी ही दोन बोलकी माणसं.

"शर्वा, बाबांना विचार, जेवायला वाढू का?" टाचणी काढून आई म्हणाली. बाबा तिच्यापासून चार हातांवर होते.

"आईला सांग, थोड्या वेळानं. आणि दुपारच्या आमटीत आज मीठ टाकायचं होतं की नव्हतं तेही विचार."

सवयीनं माझं तोंड उघडलं. 'आई, आमटी छान होती, मीठ किंचित कमी...' हे वाक्य घडी घालून जिभेवर तयार होतं. दोघांनाही सगळं ऐकू येत असताना मी ते इतकी वर्षं कुणासाठी घडी घालत होते?

मी तोंड मिटलं.

आईनं मान वर केली. बाबांनी पेपर खाली घेतला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, चौगुल्यांसारखेच. आईनं पाय उचलला, मशीन थांबलं. मला सहन होईना. हातांना काही काम हवं म्हणून मी सोफ्यावरच्या साड्या उचलून पुन्हा तिथंच ठेवल्या.

"मी जरा खाली जाऊन येते," मी म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत."

"आत्ताच तर आलीस," आई म्हणाली.

"येते."

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि धाडधाड जिना उतरले. शेवटच्या पायरीपर्यंत. तिथं थांबले. कुठं जायचं होतं मला? कोपऱ्यावर काय होतं? वर आता दोघं तशीच बसली असतील, एकमेकांना न बघता, आमटीतल्या मिठाचा प्रश्न मध्येच लटकत ठेवून. एकदा वाटलं पळत वर जावं. एकदा वाटलं विदूकडे जावं. शेवटी चपला हातात घेतल्या आणि पावलं न वाजवता अर्धा जिना वर आले. बसले. इथून दार दिसत नव्हतं, पण ते पूर्ण लागलेलं नव्हतं.

वरून आई बोलली.

"मीठ टाकलं होतं. तुम्हीच वर लिंबू पिळलंत."

"अगं, लिंबानं मीठ कमी होतं होय?"

"लागतं कमी. परवाही तेच केलंत. परवा मी बोलले नाही, मुकाट्यानं खाल्लंत म्हणून."

"परवा चांगली होती."

"हां, आज आठवलं चांगली होती ते."

मी जिन्याचा कठडा धरला. गार होता, एवढं लक्षात आहे. वर माझी आई आणि माझे बाबा बोलत होते. अडखळत नव्हते, घसा खाकरत नव्हते. परवाच्या आमटीवर आजची आमटी रचत होते, रोज बोलणारी माणसं बोलतात तसे.

"हिला काय झालंय?" बाबा विचारत होते. "निरोप न देताच गेली."

"अकोल्याचं असणार."

"तुला बोलली?"

"मला कुठली बोलते! विदूची आई आली होती साडी टाकायला, ती म्हणाली. मॅडमनी हिचं नाव घातलंय आणि ही हो म्हणत नाही."

"का?"

आईनं कात्री ठेवल्याचा आवाज आला. "आपण दोघं मुकी बसू इथं, म्हणून."

"आता सांगून टाकू या तिला, शालन."

शालन. हे नाव मी रेशन कार्डावर वाचलं होतं. बाबांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"काय सांगायचं? इतकी वर्षं तुझ्यासमोर नाटक केलं म्हणून?"

"नाटक काय त्यात? भांडण खरं होतं."

"महिन्याभराचं भांडण! त्याला कोण वर्षानुवर्षं चालवतं?"

"मग बंद कधी करायचं ते मला कुणी सांगितलं होतं?" बाबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "चार वर्षांची झाली तरी पोर 'पाणी' आणि 'नको' याच्यापुढे जाईना. किती डॉक्टर झाले. आणि आपण बोलायचे थांबलो तर ही या खोलीतून त्या खोलीत पळत यायची, 'बाबा, आई म्हणते भाजी आणा'. पाच शब्द! माझ्या हातातली पिशवी पडली होती."

"आणि आपण समोरासमोर बोललो की दिवसभर तोंड मिटून बसायची. कोपऱ्यात." आई नाक ओढत होती. "तिचं काम काढून घेतल्यासारखं. म्हणून तर तुम्ही म्हणालात, राहू दे थोडे दिवस."

"मी म्हणालो? तू म्हणालीस."

"दोघं म्हणालो. मग ती शाळेत जायला लागली, तेव्हा थांबवायचं होतं. मग दहावीनंतर. मग लाजच वाटायला लागली. आणि खरं सांगू? ती मध्ये आली की बरं वाटायचं मला. तुमचं तिरकं बोलणंसुद्धा कसं गोड करून आणायची."

"तुझंही."

"माझं कुठं तिरकं असतं?"

बाबा हसले. मी त्यांचं ते हसणं ओळखत नव्हते. माझ्या पाठीमागे, माझ्या शाळा-कॉलेजच्या वेळात, जिन्याच्या पायऱ्या वाजेपर्यंत या घरात ते हसणं होतं. पंखा नुसता फिरत नव्हता. मगदूमकाकूंच्या खिडकीत दिवा लागला आणि त्या नेहमीसारख्या हसल्या. त्यांच्या छतावर आमचीच तर जमीन होती. त्यांना किती वर्षांपासून सगळं ऐकू येत होतं कुणास ठाऊक. मी चपला पोटाशी धरून बसले होते. राग येत होता, हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. मी या दोघांना जोडून धरलंय म्हणून इतकी वर्षं छाती पुढे काढून चालले होते. त्यांनी मलाच धरून ठेवलं होतं.

"तुम्ही सांगा तिला," आई म्हणाली.

"मी? तूच सांग. आई आहेस."

"मला नाही जमायचं."

"मग कोण सांगणार?"

सांगायला तिसरं माणूस नव्हतं.

मी चपला पायात घातल्या आणि खालपर्यंत हलकेच उतरून, मग होता होईल तेवढा आवाज करत जिना चढले. दार ढकललं. आई मशीनवर, मोरपंखी साडी, तोंडात टाचणी. बाबांपुढे पेपर. आईचे डोळे लाल होते, नाटकात एवढीच काय ती कसर.

मी दोघांच्या मध्ये गेले नाही. दारातच थांबले.

"बाबा," मी म्हणाले, "आईला सांगा, मी अकोल्याला जातेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. माइक सुरू करण्याआधी करतात तसा त्यांनी बारीक खोकला काढला.

"शालन," ते म्हणाले. "शर्वा अकोल्याला जातेय म्हणते."

आईनं टाचणी तोंडातून काढून मशीनच्या गादीला टोचली.

"ऐकलं," ती म्हणाली, बाबांना. "तिला म्हणावं, तिकडं ऊन फार. डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही."

"आई म्हणते..." बाबांनी सुरुवात केली आणि त्यांचा आवाज फुटला. आमच्या एसटी स्टँडवर इतक्या वर्षांत कुणी ऐकला नसेल असा फुटला. मग सावरून ते एकदम आईकडेच वळले. "पुण्यात गाडी बदलावी लागेल तिला."

"मग पुण्यापर्यंत तुम्ही जा सोबत."

"जातो की."

"आणि परत येताना माझ्या मशीनचे पट्टे आणा. इथले टिकत नाहीत."

"पट्ट्यासाठी पुणे? इथं कापडपेठेत..."

"मागच्या वेळचा आणलेला तुम्हीच बघा जाऊन."

आणि मग ते थांबेचनात. गाडी कुठली, सामान किती, खोकला झाला तर तिथं कोण बघणार, लोणचं बरणीत द्यायचं की डब्यात. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी दारात उभी होते. पाय दुखायला लागले तेव्हा उंबऱ्यावरच बसले.

जिन्यातलं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. त्यांनीही मला काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्यासमोर चहाच्या साखरेवरून भांडली, जशी काही आयुष्यभर तेच करत आली होती.

आता मी मॅडमसारखीच एका अंधाऱ्या खोलीत बसते. फोन माझ्या हातात असतो आणि काचेपलीकडे एखादी पोरगी एखाद्या जोडप्याची वाक्यं घडी घालत असते. मी तिला बाहेर बोलावते. तिचा गुडघा हलतो.

जुई पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. तिच्याकडे 'पाणी' आहे, 'नको' आहे, आणि कशाकशाला लागणारं एक 'ते' आहे. माझ्या विषयातल्या ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालंय. बोलेल, म्हणतात. आई-बाबांनी फोनवर काही विचारलं नाही. दोघं एकाच वेळी बोलत होते आणि एकदम थांबले.

मघाशी ती उठली. मला कळलंच नाही. स्वयंपाकघरात तिचा बाबा चहा करत होता, भांडी वाजत होती. मग टेबलाच्या कडेवर दोन छोटे हात दिसले.

"आई," जुई म्हणाली. धावत आल्यानं धाप लागली होती. "बाबा. चा. ये."

मी पेन ठेवलं. हे तिचं मागणं नव्हतं. कुणीतरी तिला दिलेलं होतं आणि तिनं ते वाटेत कुठंही न सांडता इथवर आणलं होतं.

स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे. इथूनच ओरडले असते तरी ऐकू गेलं असतं.

"बाबाला सांग," मी तिच्या कानाशी म्हणाले, "आई येतेय."

ती पळत गेली.